दुसरी खुर्ची

आमच्या सौंसरच्या लहानशा मराठी वाचनालयात सभेच्या वेळी भिंतीला लागून दोन खुर्च्या मांडल्या जातात. एक सागवानी, हात असलेली, ती अध्यक्षांची. तिच्या डाव्या अंगाला दुसरी, वेताची, बिनहातांची, ती उपाध्यक्षांची. या दुसऱ्या खुर्चीवर मी अकरा वर्षे बसलो. अकरा वर्षांत माझ्या वाट्याला आले ते मुख्यत्वे आभार मानण्याचे काम. पाहुण्यांचे आभार, श्रोत्यांचे आभार, सतरंज्या देणाऱ्यांचे आभार. वाचनालयाच्या घटनेत उपाध्यक्षाविषयी एकच ओळ होती : अध्यक्षांच्या अनुपस्थितीत उपाध्यक्ष त्यांचे काम पाहतील. ती ओळ मी कितीतरी वेळा वाचली असेल. परंतु तिच्यातल्या 'अनुपस्थिती' या शब्दात मृत्यूही बसतो, हे माझ्या ध्यानी फार उशिरा आले.

ही जुनी गोष्ट पुन्हा वर येण्यास निमित्त झाले ते एका मोठ्या राजीनाम्याचे. २१ जुलै २०२५ रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन पद सोडले. माझी नात पांढुर्ण्यास राहून राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते. तिची पुस्तके हिंदीत, टिपणे हिंदीत. घरी आली की बोलणे मात्र आमचे मराठीत. पोळ्याला ती घरी आली होती. संविधानाचा धडा चालू असावा. वहीतून मान वर करून तिने विचारले,

"आबाजी, उपराष्ट्रपतींची जागा खाली आहे. अशात राष्ट्रपतींना काही झालं तर?"

"सरन्यायाधीश."

"आणि ते नसले तर?"

"सर्वोच्च न्यायालयातले जे सगळ्यांत ज्येष्ठ न्यायाधीश त्या वेळी हजर असतील, ते."

"आणि तेही नसले तर?"

"मग पुढे काही लिहिलेलं नाही."

तिने पेन खाली ठेवले. "एवढा मोठा देश आणि पायऱ्या तीनच?"

मी तिला सांगितले की, आज यांपैकी पहिली पायरी मोकळी आहे, आणि दुसरीवर जे उभे आहेत ते आपल्या अगदी शेजारचे आहेत. त्या वेळी सरन्यायाधीश होते भूषण गवई. ते अमरावतीचे, आणि त्यांची वकिली घडली ती नागपूर खंडपीठात. अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका पांढुर्ण्याला लागून आहे; संत्र्याचे बगीचे इकडे संपतात कुठे आणि तिकडे सुरू होतात कुठे, ते झाडांना ठाऊक नसते. १२ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन यांनी उपराष्ट्रपतिपदाची शपथ घेतली, तोवर ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मधल्या साडेसात आठवड्यांत राज्यसभेचे कामकाज उपसभापतींनी पाहिले, राष्ट्रपतिपद सुखरूप होते, आणि सामान्य माणसाला काही उणे असल्याचे जाणवलेही नाही. दुसऱ्या खुर्चीचे हेच भाग्य आहे. ती भरलेली असली तरी कोणी पाहत नाही, रिकामी असली तरी पाहत नाही; पहिली रिकामी झाली की मात्र सर्वांच्या माना एकदम तिकडे वळतात.

नातीशी बोलता बोलता मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते येथल्या एका वकिलांकडे मुन्शी होते. १९५६ पूर्वी आमचा छिंदवाडा जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि उच्च न्यायालयही नागपुरासच होते. अपिलाचे कागद घेऊन वडील छोट्या रेल्वेने नागपूरला जात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे मराठी लोक नव्या मध्यप्रदेशात राहिलो. आता कागद सातपुडा ओलांडून जबलपूरला जाऊ लागले. वडील त्यावर कडवटपणे बोलत नसत. ते एवढेच म्हणत, "कोर्टही गेलं आणि जज्जसाहेबही तिकडेच गेले."

हे जज्जसाहेब म्हणजे मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपुरातच वकिली केलेले, प्रांताचे ॲडव्होकेट जनरल राहिलेले आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले. फेररचनेनंतर ते जबलपूरला मध्यप्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून गेले. वडिलांनी त्यांना न्यायासनावर लांबून पाहिले होते, तेवढाच संबंध. पण तेवढ्या संबंधावर त्यांनी जन्मभर आपलेपणा राखला.

१९६९ च्या जुलैत मी चौदा वर्षांचा होतो. घरात रेडिओ नव्हता. शेजारच्या दुकानापुढे लोक जमत. माणूस चंद्रावर उतरण्याची बातमी त्याच दिवसांतली. गर्दी चंद्रासाठी होती. वडील मात्र परत आले ते दुसरीच बातमी घेऊन. आईला म्हणाले, "आपले नागपूरचे जज्जसाहेब राष्ट्रपती झाले." आईने विचारले, "असे कसे? निवडणूक कधी झाली?" या प्रश्नाचे उत्तर वडिलांना नीट देता आले नाही. मला ते पुढे, शाळेत नागरिकशास्त्र शिकवू लागल्यावर गवसले.

घडले होते ते असे. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असता राष्ट्रपतींचा मृत्यू होण्याचा स्वतंत्र भारतातला तो पहिला प्रसंग. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्याच दिवशी राष्ट्रपती म्हणून काम पाहू लागले. परंतु त्यांना स्वतःला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवावयाची होती, आणि त्यासाठी ते पद सोडणार, तर मग खुर्ची कोणी सांभाळावयाची? संविधानकर्त्यांनी एकच पायरी बांधून ठेवली होती. पुढच्या पायऱ्या आकस्मिक प्रसंग ओळखून संसदेने बांधाव्यात, एवढे ७०व्या अनुच्छेदात सांगून ते थांबले होते. एकोणीस वर्षे कोणाला त्याची गरज वाटली नाही. मग २८ मे १९६९ ला तो कायदा झाला : उपराष्ट्रपती नसेल तर सरन्यायाधीश, तोही नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीश. त्या वेळी राष्ट्रपतींचे काम पाहणारे गिरीच होते. म्हणजे आपल्याला उठून जाता यावे यासाठी लागणाऱ्या कायद्याला संमती त्यांचीच. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश त्यांच्या सहीने निघाला, दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडले, आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. सरन्यायाधीशांची खुर्ची रिकामी झाली म्हणून तिथे न्यायमूर्ती जे. सी. शाह प्रभारी म्हणून बसले. एक माणूस सरकला की मागची सारी ओळ एकेक पाऊल पुढे येते, ती अशी.

त्या निवडणुकीला आमच्या जुन्या प्रांताचा आणखी एक धागा होता. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यातला सामना साऱ्या देशाने चवीने पाहिला; पण तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रायगड परिसरातल्या नाते गावी जन्मलेल्या या माणसाची सनदी नोकरी मध्यप्रांतातच सुरू झाली होती. दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि गिरी निवडून आले. २४ ऑगस्टला त्यांनी शपथ घेतली, आणि हिदायतुल्ला पस्तीस दिवसांनी आपल्या न्यायासनावर परतले.

त्या पस्तीस दिवसांनी माझ्या मनात पुढे घर केले, कारण तशीच वेळ माझ्या क्षुद्र आयुष्यात आली आणि मी ती नीट निभावू शकलो नाही.

२००८ च्या जानेवारीत आमचे अध्यक्ष वारले. ते माझ्या वडिलांच्या पिढीचे, वाचनालयाचा आधार. तेराव्यानंतर सभा झाली, शोकप्रस्ताव झाला, आणि कार्यवाह मला म्हणाले, "गुरुजी, आता तुम्ही त्या खुर्चीवर बसा." मी बसलो नाही. वेताच्याच खुर्चीवर बसून मी सभा चालविली. त्यात नम्रता आहे असे लोकांना वाटले. मलाही तसेच वाटले.

एप्रिलात कार्यवाह एक कागद घेऊन घरी आले. वाचनालयाच्या मागच्या खोलीचे कवेलू फुटले होते, लाकडे कुजली होती. पावसाळ्यापूर्वी छप्पर दुरुस्त केले पाहिजे. त्यासाठी बँकेतल्या राखीव ठेवीतून रक्कम काढावी लागणार होती आणि तीवर अध्यक्षांची सही हवी होती. मी कागद वाचला आणि परत दिला. म्हणालो, "मी केवळ प्रभारी आहे. ठेव मोडण्यासारखा निर्णय मी कसा घेऊ? नवे अध्यक्ष येऊ द्या." कार्यवाह म्हणाले, "मग निवडणूक लावा." त्यावर मी म्हणालो, "लावू. वर्षश्राद्ध तरी होऊ द्या. इतक्या लवकर त्यांच्या खुर्चीसाठी मते मागणे बरे दिसत नाही."

त्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन रात्री पाऊस पडला. चौथ्या दिवशी मागची खोली उघडली तेव्हा भिंतीकडच्या दोन कपाटांत वरून पाणी गेलेले होते. दोनशेच्या वर पुस्तके भिजली. त्यांतली बहुतेक १९५६ पूर्वी, नागपूर हीच आमची राजधानी असताना, तिथून आणलेली. कथा-कादंबऱ्या होत्या, मासिकांचे बांधीव अंक होते. आतल्या पानावर नागपूरच्या पुस्तक-विक्रेत्याचा शिक्का असे. आम्ही ती ओसरीत दोरीवर घातली, पंख्याखाली पसरली, पानापानात टीपकागद ठेवला. काही वाचली. पुष्कळ पुस्तकांची पाने एकमेकांना अशी चिकटली की विटेसारखे ठोकळे झाले. हिंदी प्रदेशातल्या एका मराठी वाचनालयात अशी पुस्तके गेली म्हणजे ती गेलीच. ती दुसरीकडून येत नाहीत. इथे आमच्या भाषेला आधीच दुसरी खुर्ची. तिच्या पायाखालची फरशी मी माझ्या हाताने भिजू दिली.

कोणी मला बोलले नाही. कार्यवाह तर माझीच समजूत घालीत होते. पण शिक्षकाला आपल्या चुकीचे व्याकरण शोधण्याची खोड असते. मी संविधानाचे पुस्तक काढून बसलो. वर्गात पंचवीस वर्षे शिकविलेला ६५वा अनुच्छेद त्या रात्री मी प्रथम वाचला असे म्हटले तरी चालेल. राष्ट्रपतिपद रिकामे झाल्यास उपराष्ट्रपती राष्ट्रपती म्हणून काम करील, आणि त्या काळात राष्ट्रपतीचे सर्व अधिकार व संरक्षणे त्याला असतील, असे तेथे सांगितले आहे. त्या काळात तो राज्यसभेचा सभापती राहत नाही, सभापतीचे वेतनही घेत नाही. एरवी उपराष्ट्रपतीला वेतन मिळते तेही सभापती म्हणूनच. उपराष्ट्रपती म्हणून त्याच्या हाती करण्यासारखे असे काही नसते. मात्र वेळ आली की जुनी खुर्ची पूर्ण सोडावयाची आणि नव्या खुर्चीवर पूर्ण बसावयाचे. अर्धे अधिकार, तात्पुरते अधिकार, भीत भीत वापरावयाचे अधिकार, असा प्रकार संविधानाने ठेवलेला नाही.

हिदायतुल्लांच्या पस्तीस दिवसांचा अर्थ मला तेव्हा उमगला. जुलैच्या अखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीस आले, तेव्हा यजमान म्हणून उभे राहिले ते हेच न्यायाधीश. ९ ऑगस्ट १९६९ रोजी बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला संमती मिळाली, ती त्यांचीच. 'मी पंधरा दिवसांचा पाहुणा, एवढा मोठा निर्णय नव्या राष्ट्रपतींना घेऊ द्या,' असे ते म्हणाले नाहीत. पुढे त्याच कायद्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले, आणि १० फेब्रुवारी १९७० ला त्या पीठाने तो कायदा रद्द ठरविला. हिदायतुल्ला तेव्हा सरन्यायाधीश होते, पण त्या पीठात ते नव्हते. खुर्चीवर असता पूर्ण हाताने सही करावी, आणि खुर्ची सोडल्यावर त्या सहीपासून हात दूर ठेवावा, असा धडा मी त्यातून घेतला.

याच्या जवळचा दुसरा प्रसंग आमच्या मध्यप्रदेशाच्या अंगावरून गेलेला आहे. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती राष्ट्रपती म्हणून काम पाहू लागले. निवडणुकीत केंद्रातले सरकार बदलले. नव्या सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. त्यांत मध्यप्रदेशही होता. जत्तींनी लगेच सही केली नाही. दिल्लीत खळबळ उडाली. अखेर ३० एप्रिलला सही झाली आणि आमच्या आमदारांसकट नऊ राज्यांचे आमदार घरी बसले. त्या थांबण्याबद्दल जत्तींवर टीका पुष्कळ झाली. मला त्यात एका प्रभारी माणसाचे मन दिसते. एवढी मोठी सही आपल्या हातून व्हावी का, हा प्रश्न त्यांनाही पडला असेल. फरक एवढाच की, ते थोडे थांबले; मी पावसाळा येईपर्यंत थांबलो.

माझा दुसरा अपराध याहून सूक्ष्म आहे, आणि त्याची कबुली द्यायला मला अधिक वर्षे लागली. राष्ट्रपतिपद मृत्यूने किंवा राजीनाम्याने रिकामे झाले, तर नवी निवडणूक सहा महिन्यांच्या आत झालीच पाहिजे, असे ६२वा अनुच्छेद सांगतो. जत्तींचा काळ २५ जुलै १९७७ ला, साडेपाच महिन्यांत संपला. अमेरिकेची रीत निराळी आहे. १८४१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन शपथेनंतर महिन्याभरात वारले, तेव्हा उपाध्यक्ष जॉन टायलर यांनी आपण प्रभारी नसून अध्यक्षच आहोत असे ठामपणे सांगितले. 'प्रभारी अध्यक्ष' असा पत्ता घातलेली पत्रे ते न उघडता परत पाठवीत. तेथे उपाध्यक्ष उरलेली सारी मुदत अध्यक्ष राहतो, आणि १९६७ च्या घटनादुरुस्तीने ही प्रथा लेखी झाली. आपल्याकडे मात्र उपराष्ट्रपती ही केवळ मधली फळी. अधिकार पुरे, पण दिवस मोजके.

मी याच्या नेमके उलट केले होते. अधिकार वापरले नाहीत आणि दिवस मोजले नाहीत. वर्षश्राद्ध झाले, मग परीक्षा आल्या, मग लग्नसराई, मग पुन्हा पाऊस. आमच्या घटनेत मुदत नव्हती आणि तिचा लाभ मी घेतला. वेताच्या खुर्चीवर बसून मी जवळजवळ दोन वर्षे अध्यक्ष होतो. पत्रांवर 'प्रभारी' लिहीत होतो, आणि कोणी 'अध्यक्ष महाराज' म्हटले की ऐकून घेत होतो. ज्या नम्रतेचे लोकांनी कौतुक केले, तिच्या आड ही एक गोड चव होती. जबाबदारी नको होती. मान हवा होता. २००९ च्या डिसेंबरात निवडणूक झाली. नव्या अध्यक्षांनी पहिल्याच आठवड्यात ठेव मोडून छप्पर दुरुस्त केले. सागवानी खुर्चीवर ते सहज बसले, आणि मी आभार मानले.

हिदायतुल्लांच्या वाट्याला ती खुर्ची पुन्हा एकदा आली. १९७९ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारासाठी अमेरिकेस गेले असता त्यांनी काही आठवडे राष्ट्रपतींचे काम पाहिले. सरन्यायाधीश म्हणून एकदा आणि उपराष्ट्रपती म्हणून एकदा, असे दोन्ही दारांनी त्या घरात जाऊन परत आलेले ते एकटेच. वडील तेव्हा हयात होते. बातमी ऐकून म्हणाले, "त्यांना जाताही येते आणि परत येताही येते." मुन्शीगिरीत आयुष्य गेलेल्या माणसाने केलेले हे वर्णन मला त्या वेळी साधे वाटले होते.

यंदा नातीच्या प्रश्नानंतर मी वाचनालयाच्या सर्वसाधारण सभेपुढे घटनादुरुस्तीचा ठराव ठेवला. अध्यक्षपद रिकामे झाल्यास उपाध्यक्षाने अध्यक्षाच्या सर्व अधिकारांनिशी काम करावे, आणि नव्वद दिवसांत निवडणूक घ्यावी. ठराव वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एका तरुणाने विचारले, "आणि उपाध्यक्षही नसले तर?" सभेत हशा पिकला. मी हसलो नाही. कार्यवाहांकडून पेन मागून घेतले आणि तिसरी ओळ तिथल्या तिथे लिहिली : त्या वेळी सभेस हजर असलेला सर्वांत जुना सभासद.

ती ओळ वाचून दाखविताना माझ्या ध्यानात आले की, आज आमच्या वाचनालयाचा सर्वांत जुना सभासद मीच आहे. सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत गेलो आणि वर छपराकडे एकदा नीट पाहून आलो.